निर्मिक रुसत नाहीं

मुलगा दगावला तेव्हां आमच्या गांवींच्या एका कुणब्यानें देवाकडे पाठ फिरविली. तीन वर्षांनीं बैल मेला. भटजीबुवा म्हणाले, देव कोपला, शांत करा! बिचाऱ्यानें कर्ज काढून शांत केली. बांधवहो, त्या तीन वर्षांत त्याच्या रानावरचा पाऊस कोणीं थांबविला होता काय? जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त (१८९१) स्पष्ट आहे कीं निर्मिकास फुलें-नैवेद्य लागत नाहींत. तीं त्यानेंच मनुष्याकरितां केलीं. लेंकरूं रुसून निजलें तरी आई त्याची भाकर झांकून ठेवते. मग जो सर्वांचा मायबाप, तो दुःखानें रुसलेल्या बापावर सूड घेईल? सावकार मात्र थांबला नाहीं. उरलेला बैल परवां बाजारांत गेला.