यंत्राला राग कळेल, पण टोमणा कळेल का?

बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला की आधी ऐकू येते, 'आपले संभाषण रेकॉर्ड केले जात आहे.' पूर्वी त्यातले मोजकेच फोन साहेब लोक ऐकून पाहत. आता ते काम संगणकावर सोपवणे सुरू झाले आहे. राज्य मंत्रिमंडळानेही जून 2025 मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून 500 कोटींची तरतूद केली. तेव्हा वाचकहो, आज बँकेत असलेली ही पद्धत उद्या शेतीच्या आणि विजेच्या तक्रारींनाही लागू शकते.

पद्धत अशी. संगणक आधी बोलणे ऐकून लिहून काढतो. मग कोट्यवधी वाक्ये वाचून तयार झालेले लँग्वेज मॉडेल त्यावर शेरा मारते: ग्राहक खूश, नाराज, की दोन्ही नाही. हजारो फोन झटपट तपासून होतात. कोणत्या भागातून एकच तक्रार वारंवार येते, तेही कळते. हा फायदा खराच आहे.

अडचण आहे ती आपल्या बोलीची. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्विटवर असे शेरे लावून संग्रह केला. 2023 मध्ये तो सुमारे 60 हजारांवर नेला. त्यात चित्रपट परीक्षणे, मालिकांचे संवाद आणि राजकीय ट्विटही आले. काम मोलाचे आहे. पण शेवगाव तालुक्यातल्या कापूसवाल्याचे फोनवरचे बोलणे त्यात कुठे आहे?

समजा, डीपी जळून आठ दिवस झाले. एक जण म्हणतो, 'लई उपकार झाले साहेब तुमचे!' यंत्र 'उपकार' वाचून खूश असा शेरा मारू शकते. दुसरा वयस्कर शेतकरी हळूच म्हणतो, 'बघा, जमलं तर.' त्याचे पीक वाळून चाललेले असते, पण नोंद होते शांत ग्राहक म्हणून. तिसरा रेंज नाही म्हणून ओरडून बोलतो. काही प्रणाली आवाजाची पट्टीही मोजतात, त्यांच्या लेखी हाच सर्वांत संतापलेला! नवी मॉडेल टोमणा पूर्वीपेक्षा बरा ओळखतात, हे खरे. पण बोली लिहून घेतानाच चूक झाली, तर पुढचे सगळेच चुकते.

या शेऱ्यावर तक्रारींचा क्रम लावला, तर गरीब बोलणारा मागे राहील. पुण्याच्या कॉल सेंटरवर काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींचे गुणही त्याच शेऱ्यावरून कापले जातील. म्हणून क्रम नुकसानीवर आणि रखडलेल्या दिवसांवर लावावा, आवाजावर नव्हे. यंत्र वापरण्याआधी ते ग्रामीण बोलीवर, बोलणाऱ्याची संमती घेऊन, तपासून पाहावे. शंका असेल तो फोन माणसाने ऐकावा.

आपणही काळजी घ्यावी. किसान कॉल सेंटर 21 जानेवारी 2004 पासून सुरू आहे, नंबर 1800-180-1551. तिथे असो वा विजेच्या 1912 वर, आडून बोलू नका. किती एकर, कोणते पीक, किती दिवस झाले, हे आकड्यांत सांगा. आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.