शाळा सुटल्यानंतरचा एक तास

"ताई, तुम्हीपण अडखळता?" पाचवीतल्या एका मुलीने मला विचारलं आणि माझी विकेटच पडली!

झालं असं, की एन.एस.एस.तर्फे आम्ही सातजण कॉलेजजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागलो. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. पाचला शाळा सुटली की सहापर्यंत आमचा अभ्यासवर्ग. मी पडले कॉन्व्हेंटची. मराठी मोठ्याने वाचताना जोडाक्षर आलं की माझी गाडी घसरते. तिची तर काना-मात्रेवरच थांबलेली. फरक एवढाच, की लहानपणी मला काही अडलं की सांगायला आई होती, चौथीपासून ट्यूशन होती. तिची आई शेतातून येते तेव्हा अंधार पडलेला असतो. शहरात शाळेनंतरचा हा तास पैसे देऊन विकत मिळतो, गावात तो कुणीतरी दिला तरच मिळतो.

पण मित्रांनो, नुसतं जाऊन चालत नाही. पहिले तीन आठवडे आम्ही पाचवीच्या मुलांना पाचवीचंच पुस्तक शिकवत होतो. मुलं फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची, आम्ही खूष! एक दिवस तेच वाचायला सांगितलं, तर वर्ग चिडीचूप.

आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी हे ओळखायला हवं होतं. एम-वन कच्चं असेल तर एम-थ्रीला काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको! पण आपल्याला निदान कशात केटी आहे ते मार्कलिस्टवर दिसतं. या मुलांना चौथीपर्यंत कोणी नापास करत नाही आणि नेमकं काय राहिलंय ते कुठे लिहिलेलंही नसतं. हे एका गावापुरतं नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना पाचवीचं पुस्तक म्हणजे आपल्याला जर्मन!

यावर उपाय 'प्रथम' संस्थेने कधीच दाखवून दिला आहे. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे नाही, तर येतं काय त्याप्रमाणे करायचे. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे. आम्ही तसं केलं. तिसरीचा एक पोरगा गोष्टीच्या गटात गेला आणि पाचवीचे चौघे अक्षरांत. वाटलं होतं ते रुसतील. पण महिन्याभरात त्यातले दोघे एसटीवरच्या पाट्या वाचून दाखवायला लागले!

मग माशी कुठे शिंकली? आमच्याकडेच. सबमिशन आलं, ओरल आल्या, पी.एल. लागली. वर्ग पाच आठवडे बंद. परत गेलो तेव्हा चोवीसपैकी नऊच मुलं आली. 'ती' नव्हती. आता ती शाळेनंतर शेळ्या घेऊन जाते म्हणे. पाच आठवडे तास रिकामा राहिला, घरच्यांनी तो कामाला लावला. त्यांचं काय चुकलं?

जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम'च्या गावातल्या स्वयंसेवकांनी असेच वर्ग घेतले होते. जी मुलं आली ती वाचायला शिकली, पण गरज असलेली बहुतेक मुलं आलीच नाहीत. मुलांना वर्गाची सवय लावणं हे शिकवण्याइतकंच कठीण काम आहे आणि आम्ही नेमकी तीच मोडली.

काहीजण म्हणतात, शिकवणं हे शिक्षकांचं काम, आपण कशाला? कायद्याने बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलंय, की शिक्षकाने प्रत्येक मुलाची पातळी पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं. पण दोन शिक्षक, पाच वर्ग, त्यात निवडणुकीची कामं. मागणी जरूर करू, पण ती पूर्ण होईपर्यंत ही मुलं पाचवी ओलांडून जातील.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. एन.एस.एस.चे वर्षाचे १२० तास भरायचे म्हणून जाणार असू, तर न गेलेलं बरं. जायचं तर तीन गोष्टी ठरवून जाऊया. एक, फक्त वाचन आणि गणित. कॉम्प्युटर आणि स्पोकन इंग्लिश नंतर. दोन, आठवड्याचे वार ठरलेले आणि सगळ्या ब्रँचेसची मिळून पाळी, म्हणजे एकाची ओरल असली तरी दुसरा जाईल. तीन, आपल्या परीक्षांच्या काळासाठी गावातल्याच बारावी झालेल्या एखाद्या मुलीला तयार करायचं आणि तिला मानधन द्यायचं. पैसे कुठून? गॅदरिंगला डी.जे. एक तास कमी वाजवूया की!

मुलांना वह्या वाटल्या की फोटो छान येतो. पण वही देऊन ती वाचायला शिकणार नाही. येत्या सोमवारी मी तिच्या घरी जाणार आहे. शेळ्या चारून झाल्यावर अर्धा तास मिळतो का, विचारून बघते. कोण येतंय बरोबर?