लोखंडाची नळी

मागच्या आठवड्यात नातू बोईसरहून आला. दप्तरातून वीतभर जीआय पाइप काढून म्हणाला, "आजोबा, बाणाची दारू यात भरली तर? कागदापेक्षा लोखंड भक्कम ना?" मी पाइप काढून माळ्यावर टाकला. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर वर्षानुवर्षं वर्गात मीच देत आलो होतो.

इतिहास शिकवताना हैदर-टिपूंच्या बाणांवर मी रंगात यायचो. १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांची दाणादाण उडाली, त्यात या बाणांचाही वाटा होता. नळी लोखंडी, म्हणून जास्त दाब सोसायची आणि बाण लांब जायचा. (२०१८ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले.) सगळं खरं. पण दाब सोसवेनासा झाला की लोखंडाचं काय होतं, हे मी कधी सांगितलं नाही. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा एक विद्यार्थी उजव्या हाताची दोन बोटं गमावून वर्गात आला. त्यानेही पाइपच घेतला होता. मला तो काहीच बोलला नाही.

कागदाची नळी फाटते, चिंध्या उडतात. लोखंड शेवटपर्यंत दाब धरून ठेवतं आणि मग ठिकऱ्या होऊन सुटतं.

"मग इस्रो पोलाद का वापरते?" नातवाचा पुढचा प्रश्न. पोरगं वकील होणार! पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग पोलादाचं; त्यात सुमारे १८ टक्के निकेल असतं. इस्रोसाठी अशी कवचं आपल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला बनत आली आहेत. त्यांची दाबचाचणी पाण्याने होते, कारण पाणी दाबाखाली फारसं आकसत नाही. कवच तडकलं तरी वायूसारखा भडका उडत नाही. शिवाय उड्डाणाच्या वेळी यानाजवळ माणूस नसतो. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या टप्प्याला केव्हलारचा धागा आणि राळ, म्हणजे आपल्या कागद-खळीचाच श्रीमंत भाऊ!

घरी मात्र कशातच दारू भरू नये, कागदातही नाही, असं माझं स्पष्ट मत. परवान्याशिवाय ते बेकायदाही आहे. आम्ही बाटलीत पाणी घालून सायकलच्या पंपाने किनाऱ्यावर दोन-तीन बाण उडवले. नातवाला ते पोरकट वाटलं. असो.

त्या विद्यार्थ्याचा नंबर मी परवा मिळवला आहे. फोन अजून लावलेला नाही.