दोन दिवे लागले म्हणजे झाले काय?



आम्ही वायरमन नाही. आमची हयात खातेवह्या आणि पावत्या यांत चालली आहे. तरीही आज विजेवर लिहीत आहोत, कारण आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात जे घडले ते प्रत्येक घरापर्यंत पोचले पाहिजे.

नंदुरबारचा उन्हाळा आपल्या माणसांना सांगायला नको. वर्गणी काढून आम्ही समाजमंदिरात पाण्याचा कूलर बसवला. हमालीहून परतणारी माणसे, बायाबापड्या, अनवाणी पोरे, सगळ्यांची तहान त्यावर भागू लागली. मे महिन्यात एका रात्री वादळ झाले आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तुटली. दुसऱ्या दिवशी ती जोडली गेली, पंखे फिरले, सर्वांना हायसे वाटले. संध्याकाळी एक आजी म्हणाल्या, "भाऊ, कूलरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात रे."

वस्तीतला एक होतकरू मुलगा आयटीआय करून वायरमनकी शिकतो आहे. त्याने नुकताच सॉकेट टेस्टर घेतला होता. हे साधन काही शे रुपयांत मिळते. प्लगसारखेच दिसते, तीन पिना असतात आणि पाठीवर तीन छोटे दिवे. आपल्याकडच्या सॉकेटात समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग असते. टेस्टर खोचला की या तिघांच्या जोड्या तपासल्या जातात आणि कोणते दिवे लागले यावरून निकाल कळतो. बहुतेक टेस्टरांत ठरावीक दोन दिवे लागले म्हणजे जोडणी बरोबर. अर्थिंग तुटले असेल, फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर दिवे वेगळे लागतात. पाठीवर तक्ता छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

मुलाने कूलरचा प्लग काढून टेस्टर खोचला. बरोबर दोन दिवे लागले. "काका, सॉकेट ओके आहे. कूलरमध्येच काहीतरी असेल." आम्ही मान डोलावली. दिवे आम्हीही डोळ्यांनी पाहिले होते.

तेवढ्यात वस्तीतले जुने वायरमन आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी खिशातला साधा पेचकस टेस्टर काढला आणि सॉकेटच्या वरच्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकात टेकवला. आतला दिवा लालभडक पेटला. जिथे कधीच करंट असू नये, तिथे पूर्ण फेज होता.

नानांनी मेन स्विच बंद केला. तो दोन्ही तारा तोडणारा होता, तरी त्यांनी पुन्हा टेस्टर लावून खात्री केली आणि मगच बोर्ड उघडला. आत बोटभर तारेचा तुकडा होता. न्यूट्रलच्या स्क्रूवरून तो अर्थिंगच्या स्क्रूला जोडला होता. जमिनीत जाणारी तार नव्हतीच. खड्डा, पाईप, तार यांचा खर्च वाचवण्यासाठी कोणीतरी कधीतरी हा जुगाड केला होता. वादळानंतर खांबावर तारा जोडताना फेज-न्यूट्रल अदलाबदल झाले आणि त्या तुकड्यातून 230 व्होल्ट थेट कूलरच्या पत्र्यावर आले. आजींच्या पायात रबरी चपला होत्या. एखादे अनवाणी पोर ओल्या फरशीवर उभे असते तर काय झाले असते, याचा विचार करून त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

मग टेस्टर खोटे बोलला का? नाही. तो फक्त तीन भोकांमधला आपापसांतला फरक पाहतो. इथे डाव्या आणि वरच्या दोन्ही भोकांत फेज होता, उजवीकडे न्यूट्रल. उजव्या-डाव्यात 230 व्होल्टचा फरक, एक दिवा लागला. उजव्या-वरच्यात तेवढाच फरक, दुसरा लागला. डावे-वरचे एकमेकांना जोडलेले, म्हणून तिसरा विझलेला. बरोबर सॉकेटचेही चित्र नेमके हेच असते. पेचकस टेस्टर मात्र आपल्या अंगातून जमिनीशी तुलना करतो, म्हणून त्याला चोर सापडला.

आमच्या हिशेबाच्या धंद्यात तेरीज नावाचा प्रकार असतो. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की नवखा कारकून खूश होतो. पण एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावे लिहिले तरी तेरीज जुळतेच. जुळली नाही तर चूक नक्की आहे. जुळली म्हणून चूक नाही, असे होत नाही. सॉकेट टेस्टरचेही तसेच आहे. त्याने चूक दाखवली तर काम लगेच थांबवावे. त्याने बरोबर म्हटले तर पुढची तपासणी सुरू करावी.

दुसरी मर्यादा अर्थिंगच्या ताकदीची. टेस्टरचा दिवा लागायला अगदी थोडा करंट पुरतो. अर्थिंगच्या तारेचा एकच धागा शिल्लक असला किंवा खड्डा सुकून कोरडा झाला असला तरी दिवा लागतो. पण समजा, त्या अर्थिंगचा रोध 100 ओहम आहे. फेज पत्र्याला टेकला तर 230 भागिले 100, म्हणजे जेमतेम 2.3 ॲम्पिअर करंट जमिनीत जाईल. तेवढ्याने 6 ॲम्पिअरचा एमसीबीसुद्धा पडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो. ही ताकद अर्थ टेस्टर नावाच्या वेगळ्या यंत्रानेच मोजावी लागते. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत जमीन वाळते तेव्हा खड्ड्यात पाणी घालायला विसरू नये.

तिसरी गोष्ट, नव्या वायरमन मुलांसाठी. टेस्टरचा एकही दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असे समजून तारेला हात लावू नका. न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही तुटले असतील तर दिवे विझलेलेच राहतात आणि फेज तसाच जिवंत असतो. शिवाय टेस्टरही बिघडू शकतो. आधी चालू सॉकेटवर तपासणीचे साधन पारखा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर पारखा. त्यात दोन मिनिटे जातात. तुमच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते.

परदेशी पिनांचा टेस्टर ॲडॉप्टर लावून वापरू नका. कित्येक ॲडॉप्टरांत अर्थिंग पुढे जोडलेलेच नसते, मग चांगले सॉकेटही नापास होते.

एवढे सांगूनही आम्ही म्हणतो, टेस्टर जरूर घ्यावा. नवीन वायरिंग झाल्यावर वीस सॉकेटांतली उलटी जोडणी आणि तुटलेले अर्थिंग तो पाच मिनिटांत दाखवतो. बोर्ड उघडावा लागत नाही. एकेका घराने घेणे परवडत नसेल तर वस्तीच्या मंडळाने एक घेऊन ठेवावा.

घरातल्या माता-भगिनींना आमची विनंती आहे. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर यांना हात लावताना मुंग्या आल्या तर "थोडासा करंट आहे" म्हणून सोडून देऊ नका. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. खांबावरची तार जोडली गेली की त्याच दिवशी अर्थिंगच्या भोकात पेचकस टेस्टर लावून घ्या. हात कोरडे आणि पायात चप्पल असू द्या. घरात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्यावरचे टेस्टचे बटण दर महिन्याला दाबून पाहा. मात्र न्यूट्रल-अर्थिंग जोडणारा तुकडा बोर्डात असेल तर पत्र्यावर आलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो आणि आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. म्हणून तो तुकडा आधी निघाला पाहिजे.

आमच्या समाजमंदिरात आता खड्डा खणून खरे अर्थिंग केले आहे, आरसीसीबी बसला आहे, खांबावरच्या ताराही सरळ झाल्या आहेत. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावला आहे. त्या मुलाने टेस्टर अजून ठेवला आहे. पण त्याच्या खिशात आता पेचकस टेस्टरही असतो, आणि बोर्ड उघडल्याशिवाय तो "ओके आहे" म्हणत नाही.