माझं गैरवर्तन

गैरवर्तनाचा आरोप माझ्यावर आयुष्यात कधी झाला नव्हता. शाळेत मी मागच्या बाकावर बसत असे, पण तिथेही झोपण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या हिशेबखात्यात एकोणीस वर्षं काढल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हा मान मिळाला, तेव्हा क्षणभर माझं मलाच कौतुक वाटलं.

हकिगत साधी आहे. ऑफिसात बिलांचा नवा संगणकी कारभार आला. तो माझं ऐकेना आणि मला त्याचं कळेना. चार बिलं चुकली. एका शुक्रवारी साहेबांनी आत बोलावलं, "तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत," म्हणाले आणि सामान भरायला पुठ्ठ्याचं खोकं दिलं. मी बेकारी भत्त्याचा अर्ज केला, तो मंजूरही झाला. मग पत्र आलं. त्याच साहेबांच्या कंपनीने अपील केलं होतं: सदर इसम सूचना धुडकावतो, उशिरा येतो, त्याला गैरवर्तनाबद्दल काढलं आहे, सबब भत्ता देऊ नये. सुनावणी टेलिफोनवर होणार होती.

ही बातमी सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर आमच्या मित्रमंडळींत वाटली गेली. एक स्नेही शिऱ्याचा द्रोण सांभाळत म्हणाले, "जाऊ द्या हो! आपल्यासारख्यांनी का सरकारी पैशासाठी भांडायचं?"

माझं भांडण खरं म्हणजे या 'आपल्यासारख्यां'शी आहे. अहो, मोटार ठोकली तर विमा कंपनीकडून शेवटच्या डॉलरपर्यंत वसूल करणारी आपण माणसं! मग नोकरी ठोकरली गेली तरच आपल्याला अब्रू कशी आठवते? हासुद्धा विमाच आहे. अमेरिकेत बेकारी विम्याचा पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याने 1932 साली केला आणि 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तो देशभर पसरला. बहुतेक राज्यांत त्याचा कर फक्त मालक भरतो. न्यू जर्सीत तर कामगाराच्याही पगारातून वर्गणी कापतात. म्हणजे एकोणीस वर्षं माझ्याच खिशातून गेलेले पैसे मागायला मी लाजायचं!

बरं, मालकाला एवढा पुळका कशाचा? तर त्याच्या कराचा दर त्याच्याकडून सुटलेली माणसं किती भत्ता घेतात त्यावर वरखाली होतो. माझा भत्ता बुडाला की त्यांचा कर वाचतो. यात माझ्या वर्तनाचा संबंध कुठे आला? एखाद्याला काढणं हा धंदा झाला, ते मी समजू शकतो. पण चार पैसे वाचावेत म्हणून जाता जाता त्याच्या कपाळावर डाग लावायचा, याला मी तरी गैरवर्तनच म्हणतो.

तयारी मी जोरात केली. चौदा पानांचं निवेदन लिहिलं. सुरुवात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होती आणि साहेबांच्या स्वभावावर तीन पानं होती. बायको दादरच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने लाल पेन घेतलं आणि चौदाचं एक पान उरलं: तारीख, काय घडलं, कोणी पाहिलं.

"अहो, पण माझ्यावर अन्याय झालाय, तो कुठे गेला?" मी विचारलं.

"अन्याय त्यांनी विचारलेला नाही. गैरवर्तन केलंत का, एवढंच विचारलंय."

आणि ते खरंच होतं. काम न जमणं वेगळं आणि मुद्दाम न करणं वेगळं, हे विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1941 मध्येच एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. बिलं चुकणं हा अडाणीपणा झाला, आणि अडाणीपणावर तोवर तरी माझा हक्क शाबूत होता. गैरवर्तन सिद्ध करायची जबाबदारी मालकाची होती. मी बर्फाच्या दिवशी उशीर होईल असं कळवल्याची फोनची नोंद काढली, नवं काम शिकवा म्हणून साहेबांना पाठवलेल्या दोन ई-मेल काढल्या, आणि त्यांच्या प्रती सुनावणीआधी अपील न्यायाधिकरणाला आणि कंपनीलाही पाठवल्या. निकाल लागेपर्यंत भत्त्याचे नेहमीचे दाखले भरणं चालूच ठेवलं. ते थांबवलं असतं तर जिंकूनही त्या आठवड्यांच्या नावाने शंखच करावा लागला असता.

रोज रात्री जेवणानंतर तालीम. बायको विचारायची, "उशिरा आलात का? हो की नाही?" मी सुरू करायचो, "त्याचं असं आहे..." की लगेच टेबलावर पट्टी! मराठी माणसाला नांदीशिवाय उत्तर देता येत नाही, हे मला त्या वयात समजलं.

सुनावणीत शपथ झाली, ध्वनिमुद्रण सुरू झालं. कंपनीतर्फे एक तरुण बाई बोलल्या. त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. साहेब हजरच नव्हते. मला विचारलं, "सूचना मुद्दाम धुडकावल्यात?" मी म्हणालो, "नाही." नांदीशिवाय! स्वयंपाकघराच्या दारात बायकोने पट्टी खाली ठेवली.

निकाल आला: भत्ता कायम. पैसे फार नव्हते, पण त्या कागदावर 'गैरवर्तन सिद्ध झाले नाही' असं लिहिलेलं होतं. तो मी कपाटात लग्नपत्रिकेशेजारी ठेवला आहे.

गेल्या महिन्यात रात्री अकराला फोन आला. तेच शिऱ्याचे स्नेही, आवाज अगदी खाली: "अहो, ते सुनावणीचं... कागद कसे लावले होतेत?"

मी म्हणालो, "आधी सांगा, किती पानं लिहिलीत?"

"बावीस."

मी पेन शोधायला बायकोला हाक मारली.