हिरवळीच्या जागी स्थानिक फुलोरा

धानाच्या बांध्या कापणीनंतर मोकळ्या होत असता धुऱ्यांवरची तूर ज्या दिवसांत पिवळ्या फुलांनी बहरते, त्या दिवसांत दिघोरीच्या शिवारातील मधमाश्यांचा गुंजारव ज्याने ऐकला आहे, त्याला सार्वजनिक उद्यानांतील विलायती हिरवळीचे मौन अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. सतत कातरली जाणारी ही हिरवळ फुलत नाही, मकरंद देत नाही, आणि वैशाखात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असता, रोज पाणी मात्र मागते.

महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळीस राज्य फुलपाखराचा बहुमान दिला. परंतु तिच्या अळीला लिंबाच्या कुळातील पानेच लागतात, आणि रुईच्या कुळातील वनस्पतींवाचून रुईकर फुलपाखराचा वंश चालत नाही, ही गोष्ट उद्यानांच्या अंदाजपत्रकांत उमटलेली आढळत नाही. ठाण्याच्या ओवळेकर वाडीने अशाच खाद्यवनस्पती लावून फुलपाखरे परत आणली. सार्वजनिक उद्यानांतही हेच व्हावे. मुलांना खेळण्यापुरते मैदान अवश्य राखावे. उरलेल्या जागेत मात्र रुई, कढीपत्ता, तरवड, अडुळसा, कडेला पळस नि करंज लावावेत. घाणेरीवर फुलपाखरे येतात खरी, पण ती रान गिळते; तिला मज्जाव असावा. पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारण्याची माळ्यांची वहिवाटही लेखी हुकुमाने बंद व्हावी, कारण ती कुरतडलेली पानेच उद्याच्या फुलपाखरांचे अन्न होत. कीटकांचे मोल शेतालाही आहे: कारली-भोपळ्यांत नर व मादी फुले वेगळी असल्याने मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही, हे आमच्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उद्यानांसाठी येत्या मृगापूर्वी त्याचाच सल्ला घ्यावा.