पाप कुणाचे, माफी कुणाची?



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतल्या एक ताई थांबल्या. त्यांचा मुलगा जन्मापासून आंधळा आहे. शेजारच्या म्हातारीने पुन्हा ऐकवले होते, "मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय!" ताई म्हणाल्या, "भाऊ, आपण ते मानत नाही. पण माझी ख्रिश्चन मैत्रीण म्हणते, आमचा देव पापाची माफी देतो. म्हणजे त्यांच्यातही देव शिक्षा करतोच ना?"

प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथात दोन्ही विचार सापडतात. जुन्या करारात बापाच्या पापाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही शासन करणारा देव आहे. त्याच करारात यहेज्केल संदेष्टा बजावतो की, बापाचे पाप मुलाच्या माथी येणार नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर थेट ताईंचाच प्रश्न आहे! जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचे? याचे की याच्या आईबापाचे? येशू सांगतो, दोघांचेही नाही. यातून देवाचे कार्य प्रकट व्हावे, असे तो पुढे म्हणतो. ते आपल्याला पटणार नाही. पण आईबापावरचा ठपका त्याने पुसला, हे खरे.

आता माफी. पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. कॅथलिक धर्मगुरूपुढे पापाची कबुली देतात, प्रॉटेस्टंट थेट देवापाशी. पण माफी म्हणजे फुकटची सुटका नव्हे. जक्कय नावाचा जकातदार येशूला भेटला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. आधी परतफेड!

आपल्या देशातले उदाहरण घ्या. ग्रॅहम स्टेन्स ओडिशात बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी जमावाने त्यांना व त्यांच्या दोन मुलांना गाडीत जिवंत जाळले. मुले दहा आणि सहा वर्षांची. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांचे काम पुढे चालविले. पण कायदा थांबला नाही. दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. क्षमा मनाची, न्याय समाजाचा.

आपला धम्म माफी देणारा देव मानत नाही. अंगुलिमालाला तथागतांनी जवळ केले, पण लोकांचे दगडधोंडे त्याला सोसावेच लागले. बदलायचे त्यालाच होते. आणि गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला. तो मानला तर गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजावर उरतच नाही. आमच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनीही हेच सांगितले नव्हते का, भोगा आपल्या कर्माची फळे?

मग गतजन्माच्या नावाने ताईंनी कुणाची माफी मागायची? कुणाचीच नाही. मुलाला अंधशाळेत घाला, ब्रेल शिकवा, अपंगत्वाचा दाखला काढा. कागदपत्रांना मी बरोबर येतो, असे मी ताईंना सांगितले आहे.

आणि त्या म्हातारीचा राग धरू नका. तिला समजावून सांगा. तीही आपलीच आहे.